जुना प्रोजेक्टर निवडताना



जुनी घड्याळे, जुने फोनोग्राफ, जुनी नाणी जमविणारी माणसे आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाची असतील. त्यांच्या पंक्तीला अलीकडे आणखी काही मंडळी येऊन बसली आहेत. घरगुती सिनेमाचे जुने प्रोजेक्टर जमविण्याचा नाद या मंडळींना लागलेला असतो. त्या नादात मीही सापडलो आहे, आणि नव्याने त्यात पडू पाहणाऱ्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्या, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

हा प्रोजेक्टर म्हणजे सिनेमागृहातील अवाढव्य यंत्र नव्हे. दिवाणखान्यातील मेजावर तो ठेवावा, समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणावी आणि घरच्या माणसांनी घरच्याच माणसांची चित्रे पाहावी, यासाठी तो निर्माण झाला. व्हिडिओ घरोघर पोहोचण्यापूर्वी, म्हणजे साधारणपणे १९८० च्या सुमारापर्यंत, लग्नमुंजी, सहली, लहान मुलांची पहिली पावले ही चालत्या चित्रांत धरून ठेवावयाची तर फिल्मवाचून गत्यंतर नव्हते. आपल्या देशात ही हौस थोड्याच घरांना परवडे. परंतु ज्यांना परवडली त्यांच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, पत्र्याच्या चपट्या डब्यांतून त्या फिती अजूनही पडलेल्या आहेत.

माझा पहिला प्रोजेक्टर मी घेतला तो केवळ रूपावर भाळून. जुन्या बाजारात एका दुकानी तो कातडी पेटीत विराजमान झालेला होता. घरी आणल्यावर रविवारचा सबंध दिवस मी त्याची झळाळी वाढविण्यात घालविला. संध्याकाळी घरची मंडळी जमली. वडिलांनी १९५९ साली घेतलेली पन्नास फुटांची फीत मी त्यात घातली. माझी आजी ओसरीवर बसून सुपारी कातरीत आहे, आणि कोणीतरी हाक मारताच मान वर करून, हसून, तोंडाला पदर लावीत आहे, असे ते चित्र होते. आजीचे हलते चित्र तेवढे एकच. ते सुरू झाले, मंडळी आनंदली, आणि थोड्याच वेळात तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक पांढरी उभी रेघ उमटली. मला वाटले, केस अडकला असेल. चित्र संपेपर्यंत रेघ गेली नाही. मागाहून यंत्र उघडून पाहिले तो फीत ज्या खाचेतून सरकते त्या खाचेत पूर्वीच्या फितींचा मळ साचून दगडासारखा घट्ट झालेला होता. त्याने फितीवरील चित्राचा थर शेवटपर्यंत खरवडून काढला होता. बाहेरून मी यंत्र आरशासारखे केले होते. आत मात्र डोकावूनही पाहिले नव्हते.

या प्रसंगाने जे शिकविले तेच आज सांगावयाचे आहे. घरगुती फिती बहुधा रिव्हर्सल जातीच्या असत. म्हणजे कॅमेऱ्यात जी फीत घातली, तीच रसायनांतून काढून थेट पडद्यावर दाखविण्याजोगी केली जाई. तिची निगेटिव्ह राहतच नसे. फोटोची प्रत फाटली तर निगेटिव्हवरून दुसरी काढता येते. येथे ती सोय नाही. यंत्रे हजारोंनी झाली आणि आजही मिळतात. फीत मात्र जगात एकच. म्हणून प्रोजेक्टर निवडताना ‘हा दिसतो कसा?’ हा प्रश्न मागाहून विचारावा. ‘हा माझ्या फितीला इजा तर करणार नाही?’ हा प्रश्न आधी विचारावा.

हा केवळ घरगुती भावनेचा प्रश्न आहे असेही नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलास शहरी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अब्राहम झाप्रुडर नावाच्या एका कपड्यांच्या कारखानदाराच्या हाती आठ मिलिमीटरचा घरगुती कॅमेरा होता. त्याने टिपलेली ती २६ सेकंदांची, ४८६ चित्रांची फीत इतिहासाचा पुरावा होऊन बसली. आणि तिच्या मूळ प्रतीतील काही चित्रे पुढे हाताळताना निकामी झाली. इतक्या मोलाच्या फितीची ही कथा, तर आपल्या माळ्यावरील फितीला कोण वाली? तिचा वाली म्हणजे आपणच.

तेव्हा यंत्र पाहावयास निघण्यापूर्वी आपल्या घरच्या फितीचे माप ओळखावे. मुख्य मापे चार.

पहिले साडेनऊ मिलिमीटरचे. फ्रान्समधील पाते कंपनीने १९२२ साली ‘पाते-बेबी’ नावाचा चिमुकला प्रोजेक्टर काढला, त्याच्यासाठी हे माप निघाले. याची खूण विसरता येत नाही: याची भोके कडेला नसून मधोमध, एका चित्राच्या व दुसऱ्या चित्राच्या दरम्यान असतात. त्यामुळे चित्राला जवळजवळ पूर्ण रुंदी मिळे. मात्र यंत्राची नखी किंचित चुकली तर घाव थेट चित्रावर बसे.

दुसरे माप सोळा मिलिमीटरचे. अमेरिकेतील कोडॅक कंपनीने ते १९२३ साली आणले. मूकफितीला दोन्ही कडांना भोके असत. पुढे बोलपट आला तेव्हा एका कडेची भोके काढून तेथे ध्वनीची पट्टी बसविण्यात आली. ही गोष्ट संग्राहकाने मनावर कोरून ठेवावी. जुन्या मूक प्रोजेक्टरच्या चाकांना दोन्ही बाजूंस दाते असतात. त्यात बोलपटाची फीत घातली तर एका बाजूचे दाते कोऱ्या कडेत घुसून ध्वनीची पट्टी छिन्नविच्छिन्न करतात.

तिसरे माप आठ मिलिमीटरचे, १९३२ सालचे. मंदीच्या दिवसांत फिल्मचा खर्च कमी करावा म्हणून कोडॅकने युक्ती अशी केली की, सोळा मिलिमीटर रुंदीचीच, परंतु दुप्पट भोके पाडलेली पंचवीस फुटांची फीत कॅमेऱ्यात घालावयाची. एकदा तिच्या अर्ध्या अंगावर चित्रे घ्यावयाची, मग उलटवून उरलेल्या अंगावर. आणि धुलाईनंतर ती उभी चिरून, टोकास टोक जोडून पन्नास फूट करावयाची. ते पन्नास फूट म्हणजे सुमारे चार मिनिटांचे चित्र. आजीची फीत याच मापाची.

चौथे माप सुपर-आठ, १९६५ सालचे. रुंदी तीच आठ मिलिमीटर, पण भोके बारीक केल्यामुळे चित्राचे क्षेत्र जवळजवळ दीडपट झाले. ही दोन आठ-मिलिमीटरी भावंडे ओळखण्यात पुष्कळांची फसगत होते. उजेडासमोर धरून पाहावे: जुन्या आठमध्ये भोक मोठे असून दोन चित्रांच्या सीमेवर येते; सुपर-आठमध्ये ते लहान असून चित्राच्या बरोबर मध्यासमोर येते. रिळाच्या मधले छिद्रही जुन्या आठचे लहान व सुपर-आठचे मोठे असते. १९६५ नंतरच्या काही यंत्रांत एक कळ फिरवून दोन्ही प्रकार चालविता येतात. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांना अशी यंत्रे सोयीची.

आता यंत्राच्या पोटात काय चालते ते थोडक्यात पाहू. कारण ते समजले म्हणजे काय तपासावयाचे हे निराळे सांगावे लागत नाही. फीत सतत वाहत जाते असे आपणांस वाटते, पण तसे नसते. भिंगाच्या मागे एक चौकट असते, तिला गेट म्हणतात. पोलादाची एक नखी भोकात शिरते, फितीला एक चित्रभर खाली ओढते, बाहेर येते आणि पुन्हा वर जाते. तेवढ्या वेळात चित्र गेटमध्ये स्तब्ध उभे राहते. ओढण्याच्या क्षणी प्रकाश दिसू नये म्हणून एक पात्यांची झडप समोर फिरत असते. मूकपटाची गती सेकंदाला सोळा चित्रे. एवढ्यावर डोळ्यांपुढे लुकलुक होते. म्हणून झडपेला तीन पाती देऊन प्रत्येक चित्र तीन वेळा दाखवितात; सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, आणि लुकलुक जवळजवळ नाहीशी होते. बोलपटाची गती चोवीस, म्हणून तेथे दोन पाती पुरतात.

फीत गेटच्या वर आणि खाली सैल वळण घेऊन जाते. वरची दातेरी चाके एकसारखी फिरत असतात आणि नखी धक्क्याधक्क्याने ओढीत असते; या दोन चालींचा झगडा ते वळण सोशीत असते. वळण सुटले की चित्र उड्या मारू लागते आणि नखी भोकांच्या कडा फाडू लागते. पडद्यावर चित्र थरथरले तर ‘आता थांबेल, मग थांबेल’ अशी वाट पाहू नये. यंत्र तत्काळ बंद करावे.

इतके कळल्यावर दुकानात गेलात म्हणजे प्रथम गेट उघडावयास सांगा. दुकानदार बटण दाबून दिवा लावून दाखवील, मोटरची घरघर ऐकवील. त्याचे नंतर पाहता येईल. गेटच्या खाचेवरून बोटाचे नख हळूच फिरवा. खडबडीत लागले तर तो मळ आहे की गंज, हे पाहा. मळ लाकडी काडीने व स्पिरिटच्या बोळ्याने निघतो. गंजाने पडलेले खड्डे निघत नाहीत, आणि तसे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी महागच. फितीला मागून दाबून धरणारी पट्टी असते, तिच्या स्प्रिंगा सजीव आहेत का ते पाहा. मग हाताने फिरविण्याची खुंटी असेल ती सावकाश फिरवा आणि नखीचे टोक निरखा. टोक झिजून सुरीसारखे झाले असेल तर ते भोक कुरतडणार हे निश्चित. दातेरी चाकांचे दाते एका बाजूस वाकलेले, आकडीसारखे झालेले असतील, तर त्या यंत्राने पुष्कळ मजल मारली आहे असे समजावे.

केसाएवढ्या रेघेचे एवढे अवडंबर कशासाठी, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहा. आठ मिलिमीटरच्या फितीवरील चित्राची रुंदी साडेचार मिलिमीटर. ते पडद्यावर एक मीटर केले म्हणजे सुमारे सव्वादोनशे पट वाढले. माणसाच्या केसाची जाडी मिलिमीटरच्या शतांश भागात सात धरली तर तेवढी रेघ पडद्यावर दीड सेंटिमीटर रुंद होते. म्हणजे आजीच्या तोंडावर कोणी बोट धरून बसावे तसे!

गेटनंतर दिवा. संग्राहकांची सर्वांत मोठी फजिती येथे होते. १९५० च्या अलीकडच्या-पलीकडच्या कित्येक यंत्रांत ५०० किंवा ७५० वॉटचे, थेट घरच्या विजेवर चालणारे मोठे दिवे असत. ते आता निघत नाहीत. शिलकी माल मिळाला तरी दर भारी, आणि त्याचे आयुष्य मोजक्या तासांचे. शिवाय त्यांची उष्णता अशी की पंखा मंदावला तर फीत भाजून चित्रावर फोड उठतात. पुढे कमी दाबाचे, मागे आरसा असलेले लहान हॅलोजन दिवे आले. १२ व्होल्ट १०० वॉटचा दिवा सुपर-आठच्या पुष्कळ यंत्रांत वापरला गेला. तो आजही विकत मिळतो, आणि लहान चित्राला त्याचा उजेड पुरतो. म्हणून सौदा करण्यापूर्वी दिव्यावरील व्होल्ट, वॉट आणि बुडाचा प्रकार टिपून घ्या, तसा दिवा बाजारात आहे का याची चौकशी करा, आणि मगच पैसे मोजा. यंत्र आज घेऊन दिवा उद्या शोधणे म्हणजे घोड्याआधी लगाम घेण्यासारखे आहे.

दिव्याला लागूनच विजेचा प्रश्न येतो. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. अमेरिकेत बनलेली यंत्रे सुमारे ११०-१२० व्होल्टची, जपानमधील स्थानिक विक्रीची १०० व्होल्टची. असे यंत्र आपल्या भिंतीतील बटणाला जोडले तर दिवा डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी जातो. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण ७५० वॉटचा दिवा आणि मोटर मिळून तो हजार वॉटचा तरी हवा; म्हणजे यंत्राइतकेच वजन आणखी. युरोपातील पुष्कळ यंत्रांत व्होल्टेज निवडण्याची खुंटी असते. ती कोठे वळविलेली आहे हे पाहिल्याविना वीज जोडू नये. आणखी एक बारकावा: अमेरिकेतील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची. ज्या मोटरची गती आवर्तनांवर अवलंबून आहे ती आपल्याकडे एक षष्ठांशाने मंद होते. चोवीस चित्रांची चाल वीसवर येते, आणि गाणे रडगाणे होते.

तारा आणि पट्टे यांचीही परीक्षा करावी. जुन्या रबराच्या तारेचे आवरण वाळून चुरा होते. अशी तार ताबडतोब बदलावी. रबरी पट्टे डांबरासारखे वितळून चाकांना चिकटलेले आढळतात. ते नवे मिळतात, म्हणून तेवढ्यासाठी यंत्र नाकारू नये. प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांची गोष्ट निराळी. कालांतराने त्यांना तडे जातात, आणि बदली चाक मिळणे कठीण. फार जुन्या काही यंत्रांच्या दिव्याच्या घरात ॲस्बेस्टॉसचे अस्तर असे. ते खरवडण्याच्या भरीस पडू नये.

भिंग काढून उजेडासमोर धरा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. बाहेरची पुसता येते. आतली बहुधा काचेचा लेप खाऊन बसलेली असते. भिंगावरील आकडा पाहून आपल्या खोलीचे गणितही करता येते. पडद्यावरील चित्राची रुंदी म्हणजे यंत्रापासून पडद्याचे अंतर, गुणिले गेटमधील चित्राची रुंदी, भागिले भिंगाचे केंद्रांतर. चार मीटरच्या खोलीत वीस मिलिमीटरचे भिंग सुपर-आठचे चित्र एक मीटरहून थोडे अधिक रुंद देते. त्याहून मोठ्या चित्राचा हव्यास धरला तर उजेड पातळ होतो.

आता कोणते यंत्र घ्यावे? मला वाटते, आधी आपण कोणत्या जातीचे हौशी आहोत हे प्रत्येकाने ठरवावे.

ज्याला यंत्राचा इतिहासच प्रिय आहे, त्याने ‘पाते-बेबी’सारखे हाताने फिरविण्याचे यंत्र अवश्य घ्यावे. त्यात एक मौज आहे. लिहिलेली पाटी दाखविण्यात फिल्म वाया जाऊ नये म्हणून फितीच्या कडेला खाच पाडलेली असे. ती खाच आली की एक दांडा तीत पडे, दांडी फिरत असूनही पाटी पडद्यावर उभी राही, आणि थोड्या वेळाने चित्र पुढे चाले. अशा यंत्राला रंग देऊ नये, त्याचे मूळ सुटे भाग फेकू नयेत. ते कपाटात शोभते, पाहुण्यांस फिरवून दाखविता येते. परंतु घरची एकुलती एक फीत त्याच्या स्वाधीन करू नये. पाते कंपनीच विकत असे त्या मोठ्या चित्रपटांच्या संक्षिप्त फिती त्यास योग्य.

ज्याला शाळेत किंवा मंडळात चार लोकांसमोर चित्रपट दाखवावयाचा आहे, त्याने सोळा मिलिमीटरचे ध्वनियंत्र पाहावे. स्वातंत्र्यानंतर सरकारी माहितीपट याच मापावर शाळांतून व प्रचाराच्या गाड्यांतून गावोगाव हिंडले. त्यामुळे ही यंत्रे आपल्याकडे अजून सापडतात. मात्र यात ध्वनी चित्राच्या २६ चित्रे पुढे छापलेला असतो. खालचे वळण लहानमोठे झाले तर ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे असा प्रकार होतो. आणि यातील पुष्कळांची झडप दोन पात्यांची असल्यामुळे सोळाच्या गतीने मूकपट लावला तर लुकलुक जाणवते.

तिसरा हौशी तो, ज्याच्याजवळ घरच्या फिती आहेत आणि ज्याला त्या पाहावयाच्या आहेत. माझे बोलणे मुख्यतः त्याच्यासाठी. त्याने आठ किंवा सुपर-आठचे, कमी दाबाच्या दिव्याचे, अठरा चित्रांची गती असलेले साधे यंत्र घ्यावे. जुन्या आठसाठी व्हिएन्नाच्या यूमिग कंपनीचा पी-८ हा १२ व्होल्टच्या दिव्याचा प्रोजेक्टर, किंवा स्वित्झर्लंडमधील पायार कंपनीचा बोलेक्स १८-५ हा नावाप्रमाणे अठरा आणि पाच अशा दोन गतींनी चालणारा प्रोजेक्टर, यांची नावे संग्राहकांत आदराने घेतली जातात. शक्यतो फीत हाताने ओवावयाचे यंत्र निवडावे. आपोआप ओवणारी यंत्रे नव्या फितीला छान. परंतु जुनी, जोड दिलेली, किंचित आक्रसलेली फीत त्यांच्या आतल्या बोळात अडकली की बाहेर काढणे दुरापास्त. हाताने ओवलेली फीत मध्येच थांबवून सोडविता येते.

यंत्र घरी आले तरी फितीला लगेच हात लावू नये. वाळलेले ग्रीस काढून योग्य जागी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. अधिक नको, कारण जादा तेल अखेर फितीवरच उडते. मग शक्य असल्यास डिमरस्टॅटवरून दाब हळूहळू चढवीत मोटर फितीवाचून दहा मिनिटे चालवावी. त्यानंतर एखाद्या बिनमोलाच्या फितीचा हातभर तुकडा घेऊन, टोके जोडून, तीच माळ वीस-पंचवीस वेळा फिरवावी आणि उजेडात तिरपी धरून पाहावी. तिच्यावर एकही रेघ नसेल तरच यंत्र परीक्षेस उतरले.

फितीचीही प्रकृती पाहावी लागते. डबा उघडताच शिरक्याचा आंबट वास आला तर ॲसिटेट फीत कुजू लागली आहे असे समजावे. अशी फीत आक्रसते, तिची भोके नखीशी जुळेनाशी होतात. ती प्रोजेक्टरमध्ये घालू नये आणि चांगल्या फितींपासून दूर ठेवावी. तिच्यासाठी आज स्कॅनर आहेत. ते फितीला नखीने न ओढता नुसत्या गुळगुळीत रुळांवरून नेतात आणि थंड प्रकाशात तिची डिजिटल प्रत काढतात. खरे म्हणजे एकुलती एक फीत कितीही धडधाकट असली तरी आधी तिची अशी प्रत काढावी आणि मगच प्रोजेक्टरची हौस पुरवावी. घरगुती मापाच्या फिती सुरक्षित पायाच्याच असत. परंतु जुन्या वस्तूंबरोबर कोणी ३५ मिलिमीटरची जुनी फीत देऊ करील तर सावध असावे. १९५० पूर्वीच्या त्या फिती बहुधा नायट्रेटच्या, आणि नायट्रेट एकदा पेटले की पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा नष्ट झाला, हे आपल्या स्मरणात असेलच.

आणि एखाद्या फितीत घराबाहेरचे काही आढळले, म्हणजे गावची जत्रा, पूर, मिरवणूक, पाडलेली जुनी इमारत, तर ते कोणाला तरी कळवावे. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. अनेक देशांत २००३ पासून ‘होम मूव्ही डे’ पाळतात. त्या दिवशी लोक आपापल्या फिती घेऊन येतात, जाणकार त्या तपासतात, आणि मग सर्वांना दाखवितात. असा उपक्रम आपल्या गावच्या ग्रंथालयातही करता येण्यासारखा आहे.

कोणी विचारील, डिजिटल प्रत हाती आल्यावर या घरघरणाऱ्या यंत्राची गरज काय? गरज नाहीच, म्हणून तर याला हौस म्हणावयाचे. पण काळोखी खोली, तापलेल्या दिव्याचा वास आणि भिंतीवरचा तो थरथरता उजेड यांत घरची माणसे एकत्र बसतात, एकमेकांना ‘हा कोण? ती कोण?’ असे विचारतात. हातातल्या लहान पडद्यापुढे तसे कोणी बसत नाही.

आजीच्या फितीवरील ती रेघ मी पुढे जाणकारांस दाखविली. फितीच्या पाठीवरचा ओरखडा द्रवात बुडवून स्कॅन केला तर झाकतो. पण चित्राचा थरच खरवडला गेला असेल तर तेथे परत आणावयाला काही उरलेलेच नसते, असे ते म्हणाले. संगणकावर शेजारच्या छटा घेऊन ती जागा रंगवून देण्याची त्यांची तयारी होती. मी नको म्हटले. दुसऱ्या, तपासून घेतलेल्या यंत्रावर ती फीत आम्ही वर्षातून एकदा पाहतो. आजी मान वर करते, हसते, पदर तोंडाला लावते, रेघही असते. नातवंडे विचारतात, ‘हे काय आहे?’ तेव्हा मी त्यांना यंत्राजवळ बोलावतो आणि गेट उघडून दाखवितो.